भाकरी देणाऱ्याला विचारा

२०१६ सालच्या सुरुवातीला बल्गेरियात शाळेच्या अभ्यासक्रमावरून रान उठलं होतं. जवळजवळ पाचशे वर्षांच्या ऑटोमन अमलाला पुस्तकात म्हणायचं काय? गुलामी, सत्ता, की नुसतं शेजारी-शेजारी नांदणं? शब्दांचं भांडण असं पेटलं की त्यात शिक्षणमंत्र्यांची खुर्ची गेली. असला वाद निघाला की स्तारा प्लानिनाच्या डोंगरातले जुने टोळीप्रमुख हमखास पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जातात. एक बाजू म्हणते, हे आमचे क्रांतिवीर, त्यांच्याकडे बोट दाखवायचं नाही. दुसरी बाजू जरा जास्त शिकलेली असते. ती म्हणते, हे हत्यारबंद दरोडेखोर होते, पुढच्या राष्ट्रवादाने त्यांना धुऊन-पुसून भिंतीवर टांगलं. दोन्हीकडचे लोक एकाच प्रश्नावर भांडतात, आणि तो प्रश्न त्यांनी सरकारी कचेरीतून उचललेला आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ‘दरोडेखोर की बंडखोर’ हा फौजदाराच्या कागदावरचा रकाना आहे. कुठलं कलम लावायचं ते ठरवायला त्याला तो लागतो. आपल्याला कशाला लागावा? माझं म्हणणं असं की अशा माणसाचा निवाडा करायचाच असेल तर पहिली साक्ष त्याला रात्री भाकरी देणाऱ्या माणसाची काढावी. ती काढली तर शूरांची यादी जरा आखूड होईल, आणि त्यांना सरसकट चोर ठरवणाऱ्यांचाही आवाज बसेल.

उदाहरणाला पनायोत हितोव घेऊ. जन्म १८३०, स्लिव्हेन गावचा. स्तारा प्लानिना ही डोंगररांग बल्गेरियाला पश्चिमेकडून पूर्वेकडे आडवी कापत जाते. तिलाच तुर्क ‘बाल्कन’ म्हणत, आणि पुढे सगळ्या द्वीपकल्पालाच ते नाव चिकटलं. स्लिव्हेन तिच्या दक्षिण पायथ्याला आहे. १८५८ साली हा माणूस डोंगरात गेला आणि काही वर्षांत टोळीचा म्होरक्या झाला. टोळीला तिकडे ‘चेता’ म्हणत, म्होरक्याला ‘व्होयवोदा’ आणि टोळीतल्या गड्याला ‘हायदुतिन’. यांचं वर्ष सहा महिन्यांचं असे. वसंतात संत जॉर्जच्या सणाच्या सुमाराला, झाडं पानांवर आली की रानात शिरायचं. ऑक्टोबरअखेर संत दिमितरचा सण आला की हत्यारं पुरून पांगायचं. पानगळ झालेल्या रानात माणूस लपणार कुठे? म्हणून हिवाळा काढायचा तो डॅन्यूब नदीपलीकडे वलाखियात, म्हणजे आजच्या रुमानियात, नाहीतर एखाद्या ‘यतका’च्या घरी. यतक हा शब्द तुर्कीतून आला. मूळ अर्थ अंथरूण. बल्गेरियनमध्ये त्याचा अर्थ झाला बंडखोराला आसरा देणारा, त्याचं धान्य, दारूगोळा आणि गुपित सांभाळणारा गावकरी. मी वर जी साक्ष म्हणतोय ती याची.

या इतिहासातले इतर शब्दही मराठी माणसाला परके वाटू नयेत. करभार भरणारी सामान्य प्रजा तिथे ‘राया’, म्हणजे आपली रयतच. काजी तोच. जुलूम बल्गेरियनमध्ये ‘झुलुम’ होऊन राहिला. गावात येणारा सरकारी शिपाई ‘झाप्तिये’, आणि त्याच्या मुळाशी तोच अरबी धातू आहे ज्यातून आपली ‘जप्ती’ निघाली. अरबी-फारसीतून हे शब्द दोन टोकांना गेले, आणि दोन्हीकडे खेड्यातल्या माणसाला सरकारची ओळख त्यांच्यातूनच झाली.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करू, कारण ते पुष्कळ आहे. पहिली गोष्ट, हे लोक लुटत होते. ‘हायदुत’ या तुर्की शब्दाचा अर्थच दरोडेखोर. ग्रीसमधल्या त्यांच्या भावंडांना ‘क्लेफ्त’ म्हणत, त्याचाही अर्थ चोर. बल्गेरियन लोकगीतांनी राज्यकर्त्याची शिवी उचलून मानाचा शिरपेच केली. पण म्हणून मूळ धंदा बदलत नाही. आणि हे काही शत्रूने केलेलं कुभांड नाही. हितोवने स्वतःच्या आठवणी लिहिल्या, त्या ल्युबेन काराव्हेलोव या बल्गेरियन लेखकाने संपादून १८७२ साली बुखारेस्टमध्ये छापल्या, सहा वर्षांनी त्या जर्मनमध्येही गेल्या. टोळी कशावर जगते ते त्यात लपवलेलं नाही. लुटले जाणारे सगळेच तुर्क होते असंही नाही. ‘चोरबाजी’ म्हणजे सरकारच्या मर्जीतला गावचा ख्रिस्ती धनवान. त्याच्या कनवटीलाही हात पडे.

दुसरी गोष्ट याहून वजनदार आहे. हितोव ज्या साम्राज्याविरुद्ध डोंगरात गेला ते त्याच वर्षांत सुधारत होतं. १८३९ च्या फर्मानाने सर्व प्रजेच्या जीविताची आणि मालमत्तेची हमी दिली, १८५६ च्या फर्मानाने धर्मभेद न करता समान वागणुकीची. १८६४ ते १८६८ या काळात डॅन्यूब प्रांताचा कारभार मिधत पाशाकडे होता, आणि तो माणूस खरोखर कर्तबगार होता. रस्ते, पूल, अनाथ मुलांसाठी कारागिरीच्या शाळा, तुर्की आणि बल्गेरियन अशा दोन भाषांतलं वर्तमानपत्र, सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी काढलेल्या कर्जपेढ्या. आजच्या तुर्कस्तानातली शेतकी बँक आपला वंश त्या पेढ्यांपर्यंत नेते. खुद्द स्लिव्हेनमध्ये १८३० च्या दशकापासून लोकरी कापडाची गिरणी चालू होती. ती एका बल्गेरियन माणसाने उभी केली आणि तिचं कापड जाई सुलतानाच्या फौजेला. बल्गेरियन शाळा वाढत होत्या. ग्रीक धर्मगुरूंच्या वरचष्म्यातून सुटून स्वतंत्र बल्गेरियन चर्च मिळालं १८७० मध्ये, तेही अर्ज-विनंत्या, सभा आणि चिकाटी यांच्या जोरावर, एकही गोळी न झाडता. मग डोंगरात जायची गरज काय होती? थोडं थांबला असता तर?

हा प्रश्न शहाण्यासारखा दिसतो. पण थांबायला सांगणाऱ्याने थांबायचं कुणाच्या दारात तेही सांगायला हवं. १८५६ च्या फर्मानात समान वागणुकीचं वचन द्यावं लागलं, याचाच अर्थ तोवर ती नव्हती. काजीच्या न्यायालयात मुसलमानाविरुद्ध ख्रिस्ती माणसाची साक्ष चालत नसे. नवी मिश्र न्यायालयं आली ती मोठ्या गावांत, हळूहळू, आणि तिथवर पोचण्याइतका पैसा ज्याच्याकडे होता त्याच्यासाठी. कराच्या वसुलीचं बघा. गावांचा दशमांश लिलावात घेणाऱ्या इजारदाराची पद्धत १८३९ च्या सुधारणांबरोबर बंद झाली, आणि दोन-तीन वर्षांत, तिजोरीत खडखडाट झाला म्हणून, पुन्हा चालू झाली. म्हणजे इस्तंबूलच्या कागदावर नवं युग उजाडलं होतं आणि खळ्यावर तोच जुना इजारदार धान्याची रास मोजत उभा होता. त्यात १८६४ नंतर रशियाने कॉकेशसमधून हाकललेले हजारो सर्केशियन निर्वासित याच गावांवर आणून वसवले. त्यांचं दुःखही खोटं नव्हतं. पण त्यांच्या पोटाची सोय कुणाच्या जमिनीतून आणि गुरांतून झाली? रयतेच्या. व्यापारी, गिरणीवाला, शाळामास्तर यांना सुधारणा भेटली. ती खोटी नव्हती. दशमांश भरणाऱ्याला ती अजून भेटायची होती. ज्याच्या वाट्याला कायदा आलाच नाही त्याच्यावर कायदा मोडल्याचा ठपका ठेवणं कागदोपत्री बरोबर असेल, पण त्यात न्याय शोधू नये.

एवढं बोललो की टाळ्या वाजवणारे वाजवतात. त्यांनी जरा दम धरावा, पुढचं त्यांच्यासाठी आहे.

१८६७ च्या वसंतात हितोव तीसेक गडी घेऊन तुतराकानपाशी डॅन्यूब ओलांडून आला. आखणी होती गेओर्गी राकोव्स्की या बल्गेरियन क्रांतिकारकाची, ज्याने त्या वर्षीच्या ‘जंगलातल्या टोळ्यां’साठी चक्क एक लेखी नियमावली केली होती. टोळीचा निशाणबरदार होता तिशीच्या उंबरठ्यावरचा एक माजी भिक्षू, वासिल लेव्स्की. उन्हाळाभर ते डोंगराच्या कण्यावरून पश्चिमेकडे चालत राहिले आणि सर्बियात उतरले. लोक उठतील अशी अपेक्षा होती. लोकांनी भाकरी दिली, वाट दाखवली, डोळे पुसले, आणि नांगर धरला. पुढच्या वर्षी हितोवच्याच हाताखाली तयार झालेला हाजी दिमितर, तोही स्लिव्हेनचाच, स्तेफान कराजाबरोबर सव्वाशेच्या आसपास माणसं घेऊन आला. (हा ‘हाजी’ ख्रिस्ती आहे बरं का. लहानपणी आईबापांबरोबर जेरुसलेमची यात्रा करून आला म्हणून हाजी. शब्द कुठे कुठे जाऊन राहतात!) पंधरा दिवसांत लागोपाठ चकमकी झाल्या. कराजा जखमी होऊन पकडला गेला आणि रुसेच्या तुरुंगात मेला. हाजी दिमितर बुझलुजा शिखरावर पडला. तेव्हाही गावं उठली नाहीत.

पूजकांच्या इतिहासात याचं उत्तर ठरलेलं आहे: लोक अजून जागे नव्हते. हे उत्तर मला फार उद्धट वाटतं. यतक जागा नव्हता? टोळी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी झाप्तिये कुणाच्या दारात येई? टोळी सर्बियात उतरली, पण तिला पीठ देणाऱ्याचं घर, जमीन, लेकीबाळी तिथेच होत्या. टोळी कधी येणार, किती माणसं येणार, उठाव कधी करायचा, हे सगळं बुखारेस्ट आणि बेलग्रेडला ठरे. सर्बियाला तुर्कांवर दाब आणायचा असला की बल्गेरियन तरुणांना बंदुका आणि कवायत मिळे. गरज संपली की त्यांची पलटण मोडली जाई. व्होयवोदा शूर होता, पण दुसऱ्यांच्या पटावरची सोंगटीही होता. यतकाला या खेळात मत नव्हतं, फक्त शिक्षा होती. अशा उठावात न उतरणं याला मी व्यवहारज्ञान म्हणेन.

आणि हे सगळ्यात आधी कळलं ते त्या निशाणबरदाराला. १८६८ साली लेव्स्कीने हितोवला पत्र लिहिलं. एक मोठं काम करायचं मनात आहे, जिंकलो तर सारा लोक जिंकेल, हरलो तर मी एकटा हरेन, अशा अर्थाचं त्यातलं वाक्य बल्गेरियात शाळकरी पोरालाही पाठ असतं. ते शौर्याचं वाक्य म्हणून पाठ करून घेतात. मला त्यात टोळीच्या पद्धतीवरची टीका दिसते. टोळी हरली की यतक हरतो. लेव्स्कीला असा मार्ग हवा होता ज्यात हरण्याची किंमत दुसऱ्याच्या माथी पडणार नाही. त्याने नदीपलीकडून माणसं आणणं सोडलं. वेषांतर करून गावोगाव हिंडला आणि आतच गुप्त समित्या बांधल्या. म्हणजे यतकांचं जे जाळं आजवर भाकरी देत होतं, त्याला त्याने निर्णयाचा अधिकार दिला, हिशेबाची वही दिली, नियम दिले. हितोवच्या टोळीचं सगळ्यात मोठं फळ हेच. ती अपयशी झाली, आणि तिच्यातल्याच एका माणसाने ते अपयश नीट वाचलं. त्याच हितोवने पुढे १८७६ साली सर्बियाच्या युद्धात स्वयंसेवक नेले. ती हकीगत मला फारशी सांगावीशी वाटत नाही, शौर्य तिथेही असेल.

पण लेव्स्कीलाही माझी कसोटी सोडत नाही. समित्यांना बंदुका हव्या होत्या, बंदुकांना पैसा. १८७२ च्या ऑगस्टमध्ये लोव्हेचमधल्या एका धनिक बल्गेरियनाच्या घरात तो पैशासाठी शिरला, गडबड झाली आणि घरातला एक नोकर त्याच्या हातून मेला. धनिक वाचला. मेला तो दुसऱ्याच्या घरी राबणारा एक बल्गेरियन पोरगा. ‘प्रेषित’ म्हणून ज्याच्या तसबिरीला हार घालतात त्याच्या चरित्रातलं हे पान भाविक लोक भराभर उलटतात. उलटू नये. पुढच्याच महिन्यात त्याचा सहकारी दिमितर ओब्श्ती याने, लेव्स्कीच्या संमतीशिवाय, अराबाकोनाकच्या घाटात सरकारी खजिना लुटला. जुनी हायदुती सवय. धरपकड झाली, आणि मग जे झालं त्यात आपल्या वादाचं सगळं सार आहे. ओब्श्तीला साधा वाटमाऱ्या म्हणून फासावर जायचं नव्हतं. ही लूट राजकीय होती, आमची मोठी संघटना आहे, हे पटवायला त्याने चौकशीत ती संघटनाच उघडी केली, असं त्याच्या जबाबांचा अर्थ लावणारे बहुतेक जण सांगतात. ‘दरोडेखोर की क्रांतिकारक’ या प्रश्नाचं उत्तर त्याने न्यायाधीशांसमोर ठणकावून दिलं, आणि त्या उत्तरापायी गावोगावचे यतक पकडले गेले. लेव्स्की डिसेंबरअखेर सापडला, १८७३ च्या फेब्रुवारीत सोफियात फासावर गेला. ओब्श्तीला त्याआधीच लटकवलं होतं.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना आपली नावं आली असतील. यायलाच हवीत, पण जपून. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशांना हाताशी धरून सावकारांवर धाडी घातल्या. ‘दरोडे’ हा शब्द इंग्रजांच्या दप्तरातही आला आणि पुण्यातल्या सभ्य लोकांच्या तोंडीही. फडक्यांनीही हितोवसारखं स्वतःचं लिहून ठेवलं, आणि आपल्या माणसांचा जीव लुटीत अडकतो ही खंत त्यात आहे. एडनच्या तुरुंगात १८८३ साली त्यांचा अंत झाला. सुरतेचं उदाहरण मात्र मी इथे आणणार नाही, तिथे मागे उभं राहत असलेलं राज्य होतं. आणायचंच तर शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र आणावं. दाणागोटा विकत घ्या, कुणब्याच्या घरातून दाणे, भाकरी, पाला ओढून न्याल तर लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा आशय. शत्रू कोण, हेतू कोणता, धर्म कोणता, यातलं काहीही न विचारता ते पत्र फौजेला एकच गोष्ट विचारतं: कुणब्याला तुम्ही कसे वाटता? राज्य असलेल्याला आणि नसलेल्याला सारखीच लागू पडणारी कसोटी मला तरी दुसरी माहीत नाही.

यावर एक आक्षेप येतो तो असा की यतकाची साक्षही धड नसते. भीतीने दिलेली भाकरी आणि प्रेमाने दिलेली भाकरी यांत फरक कसा करणार? हत्यार कमरेला लावून माणूस दारात उभा राहिला की कोण नाही म्हणतो? खरं आहे. म्हणूनच एका रात्रीची साक्ष पुरत नाही. हितोव वर्षानुवर्षं त्याच डोंगरात वावरला आणि जिवंत राहिला. सरकारचं इनाम घेऊन त्याला धरून देणं कुणाही मेंढपाळाला शक्य होतं. वर्षानुवर्षं कुणी दिलं नाही, ही साक्ष बळजबरीने मिळत नाही. उलट भीती हेच ज्यांचं भांडवल झालं त्यांचंही उदाहरण समोर आहे. १९०१ साली मॅसेडोनियात तिथल्या गुप्त क्रांतिकारी संघटनेतल्या यानी सांदान्स्कीच्या टोळीने एलन स्टोन या अमेरिकन मिशनरी बाईला पळवून खंडणी वसूल केली. तिच्याबरोबर पळवलेली दुसरी बाई तर गरोदर होती. पुढे त्याच मॅसेडोनियन संघटनेच्या माणसांनी १९२३ साली बल्गेरियाचे शेतकरी पंतप्रधान स्तांबोलिस्की यांना हालहाल करून मारलं. खेड्यातल्या रयतेने निवडून दिलेला माणूस, आणि रयतेच्या नावाने डोंगरात गेलेल्यांचे वारस त्याला मारतात. हे हायदुतांच्या पुण्याईत घालायचं की पापात? वीरपूजकांनी याचं उत्तर द्यावं. स्वतंत्र झाल्यानंतर असल्या माणसांचं काय करायचं हे नव्या राज्यालाही कळत नव्हतं. ऱ्होडोपी डोंगरातला गाजलेला व्होयवोदा कॅप्टन पेत्को याला स्वतंत्र बल्गेरियाच्याच सरकारने वार्नाला तुरुंगात टाकून छळलं.

हितोवचं नशीब त्यामानाने चांगलं. तो खूप जगला. रुसेला स्थायिक झाला, त्याच गावात जिथल्या तुरुंगात कराजा मेला होता, आणि १९१८ साली तिथेच वारला. हाजी दिमितर अठ्ठाविसाव्या वर्षी मेला म्हणून त्याच्यावर ख्रिस्तो बोतेवची कविता झाली, शिखराला त्याचं नाव मिळालं. त्याच परिसरात १९८१ साली साम्यवादी पक्षाने स्वतःसाठी तबकडीच्या आकाराचं एक अवाढव्य काँक्रीटचं स्मारक बांधलं. आता ते गळकं, भकास उभं आहे. हाजी दिमितर नक्की मेला कुठे यावर बल्गेरियात अजून भांडण चालतं. एक पक्ष म्हणतो बुझलुजावर. दुसरा म्हणतो, तिथे तो फक्त जखमी झाला. मेंढपाळांनी त्याला उचलून कित्येक कोस दूर कद्राफिल शिखरापर्यंत नेलं, लपवलं, पाणी पाजलं, आणि तिथे त्याने प्राण सोडला. दोन्ही पक्षांचे लोक आपापल्या शिखराचे पुरावे घेऊन येतात. मला शिखरात रस नाही. दुसरी कथा खरी असेल तर पकडले गेल्यास काय होईल हे पुरतं ठाऊक असून, टोळी संपल्यावर, मोबदल्याची कसलीही आशा नसताना, त्या मेंढपाळांनी एका मरत्या माणसाला डोंगरातून वाहून नेलं. भीतीपोटी हे कुणी करत नाही, कारण ज्याची भीती वाटावी तो तेव्हा हात उचलण्याच्याही स्थितीत नव्हता.